बेचिराख आणि कौल : दख्खनचं सतरावं शतक

नमस्कार मंडळी. मला विषय दिला 'दख्खनचं सतरावं शतक' आणि वेळ दिलाय एक तास, म्हणजे शंभर वर्षांना साठ मिनिटं. लढाया सांगत बसलो तर तासभरात आपण फार तर प्रतापगडापर्यंत पोचू, आणि त्या लढाया तुम्हाला पाठ आहेत, मघाशी पुढच्या रांगेतली दोन मुलं मला तारखा धडाधड सांगत होती, फार बरं वाटलं. म्हणून मी आज दोनच शब्द घेऊन आलोय. एक बेचिराख आणि दुसरा कौल. या दोन शब्दांच्या मधे ते अख्खं शतक बसतं असं माझं मत आहे, बघा तुम्हाला पटतं का.

बेचिराख आपण पेपरात वाचतो, बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं वगैरे. ऐकताना वाटतं यात राख आहे, जळून राख झाली म्हणून बेचिराख. पण त्यात राख नाहीये. चिराख म्हणजे चिराग, दिवा. बे-चिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही. जुन्या दफ्तरात गावांची यादी करताना हे साधे कामाचे शब्द होते, अमुक गाव चिरागी म्हणजे वस्ती आहे, संध्याकाळी दिवा लागतो, आणि अमुक गाव बेचिराख म्हणजे शिवार आहे, विहीर आहे, मारुती आहे, फक्त माणूस नाही. कारकुनाने तो शब्द लिहिला आणि पुढच्या गावावर गेला. पण त्या एका शब्दामागे काय काय असेल हो, शेवटच्या घरातला शेवटचा माणूस दार ओढून कुठल्या दिशेला गेला असेल, ते त्या यादीत नाही.

दुसरा शब्द कौल. हा अरबीतला, अर्थ वचन, बोलणं. आज आपण मतदारांचा कौल म्हणतो, कोकणात देवाला कौल लावतात, तो हाच. घरावरचं कौल वेगळं. पण त्या काळात कौल म्हणजे एक कागद. सरकार रयतेला लिहून द्यायचं की बाबांनो गाव सोडून गेला होता ते परत या, नांगर धरा, पहिली वर्षं सारा, म्हणजे शेतसारा, नाममात्र घेऊ, पुढे पुढे वाढवत नेऊ, मागचं काही काढणार नाही. त्या वाढत्या साऱ्याला इस्तावा म्हणायचे. या कागदांची भाषा ठरलेली असते, 'कीर्दी मामुरी करणे' म्हणजे शेती करा आणि गाव भरलेलं ठेवा, आणि 'शक न धरणे', शंका घेऊ नका. मला हे शेवटचे दोन शब्द फार बोलके वाटतात. शंका घेऊ नका असं सरकारला लिहावं लागतंय म्हणजे लोकांना शंका होतीच, आणि ती असायला कारणं पण होती.

आता मूळ मुद्दा. आज आपल्याकडे जमीन कमी आणि माणसं जास्त, गुंठ्या गुंठ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, त्यामुळे आपल्याला वाटतं राज्य म्हणजे जमीन. सतराव्या शतकात उलटं होतं. जमीन पडलेली होती, माणसं कमी होती. पडीक जमिनीचा सारा येत नाही, साऱ्याशिवाय फौज उभी राहत नाही. नकाशावर रंग कोणाचाही असू दे, गावात नांगर धरणारा कुणबी नसला तर त्या रंगाला काही अर्थ नाही. म्हणून या शंभर वर्षात दख्खनमधे जी जी सत्ता टिकली किंवा वाढली तिने आधी माणसं बसवली, आणि जिने माणसं उठवली ती लाखाची फौज असूनही इथे रुजली नाही. शौर्य होतं, धर्म होता, मुत्सद्देगिरी होती, यातलं काहीच मी कमी लेखत नाही, पण या सगळ्याच्या खाली हा हिशोब चालू होता आणि तो आपण शाळेत शिकत नाही.

तर सुरुवात १६०० पासून. ऑगस्ट १६०० मधे अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. चांदबिबीचा त्याआधी तिच्याच लोकांनी खून केला होता. याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी लंडनमधे ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तेव्हा इकडे ते कोणाच्या गावीही नव्हतं. किल्ला गेला, म्हणजे अहमदनगरची निजामशाही संपायला हवी होती. संपली नाही, कारण मलिक अंबर.

मलिक अंबर इथिओपियाचा. जन्म साधारण १५४८ चा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादहून फिरत फिरत दख्खनमधे आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. मालक वारला तसा हा सुटला, आपली माणसं जमवली, आणि १६०० मधे परांड्याला निजामशाही घराण्यातला एक राजपुत्र गादीवर बसवून पुढची पंचवीस वर्षं मुघलांना झुलवलं. त्याचा गनिमी कावा, १६२४ ची भातवडीची लढाई ज्यात शहाजीराजे होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी पडले, हे तुम्हाला माहीत आहे. खडकी शहर त्याने वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर, तिथल्या जमिनीखालच्या नहरी अजून बघायला मिळतात. पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते साऱ्याचं. त्याआधी मक्तेदारी चालायची, म्हणजे जो जास्त बोली लावेल त्याला गावाची वसुली, आणि मग तो वर्षभरात जेवढं पिळता येईल तेवढं पिळणार, पुढच्या वर्षी गाव राहिलं काय गेलं काय त्याला काय पडलंय. अंबरने ते बंद केलं, जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा ठरवला आणि गावच्या पाटलालाच जबाबदार धरलं. पिकाचा साधारण दोन पंचमांश आणि पुढे रोखीत तिसरा हिस्सा असा तो दर सांगतात. हलका नाही हा दर. पण ठरलेला होता. किती द्यायचंय हे शेतकऱ्याला पेरायच्या आधी माहीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे, तुमच्यात शेती करणारे असतील त्यांना मी काय बोलतोय ते लगेच कळेल. अंबर १६२६ मधे वारला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं, राज्यं बदलली तरी, कागदात 'मलिकंबरी धारा', म्हणजे अंबरने ठरवलेला सारा, हे शब्द येत राहतात.

आणि मग चारच वर्षांत १६३० चा दुष्काळ. इथे मी थोडा थांबणार आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० चा, म्हणजे ते रांगायला लागले त्याच वर्षी पाऊस गेला. आपण जन्माचा पाळणा म्हणतो पण खाली जुन्नरच्या पेठेत तेव्हा काय चाललं होतं याचा विचार करत नाही. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊस नाही, शिवाय शाहजहान स्वतः फौज घेऊन बुऱ्हाणपूरला बसलेला, खानजहान लोदीचं बंड आणि निजामशाही दोन्ही मोडायची म्हणून. एवढ्या फौजेला, हत्तीघोड्यांना, बैलांना दाणा कुठून येणार? आजूबाजूच्या मुलखातूनच. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्या काळात सुरतेहून आग्र्याला जात होता, त्याने रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांबद्दल लिहून ठेवलंय. आणि बादशहाचा स्वतःचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी, ज्याचं काम बादशहाची स्तुती करायचं, तो पण लिहितो की भाकरीसाठी लोक जीव द्यायला तयार होते पण घेणारा कोणी नव्हता, आणि मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली गेली. सरकारी माणूस असं लिहितो तेव्हा खरंच काय झालं असेल ते समजून घ्या.

बादशहाने मदत केली. लंगर उघडले, दर सोमवारी ५ हजार रुपये गरिबांना वाटले, सोमवार का तर तो गादीवर बसल्याचा वार, वीस आठवड्यात एक लाख झाले. साऱ्यातही सूट दिली, लाहोरीच्या म्हणण्याप्रमाणे एकूण वसुलीच्या अकराव्या हिश्श्याइतकी. त्याच बुऱ्हाणपूरला जून १६३१ मधे मुमताज महल बाळंतपणात गेली. ताजमहालाची गोष्ट जिथून सुरू होते ते गाव त्या वेळी दुष्काळाच्या पोटात होतं.

पण मला बादशहापेक्षा देहूच्या एका घराबद्दल बोलायचंय. तुकोबांचं घर. खाऊन पिऊन सुखी, वाण्याचा व्यापार, महाजनकी, थोडी सावकारी. दुष्काळात ते घर बसलं. तुकोबांनी स्वतः एका अभंगात सांगितलंय की पैसा आटला, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करत मेली. 'अन्न अन्न', तो शब्द दोनदा येतो. ही रखमाबाई. आपण अभंग गातो, टाळ वाजवतो, आणि त्या ओळीवरून पुढे जातो. मी हा अभंग कितीतरी वेळा ऐकला असेल, पण एकदा दुष्काळाचे कागद वाचत बसलो होतो आणि संध्याकाळी देवळात हीच ओळ कानावर आली तेव्हा मला पुढचं भजन ऐकवेना, उठून बाहेर आलो. लाहोरीने, मंडीने जे लिहिलंय ते बाहेरून बघून लिहिलंय. ही घरातली साक्ष आहे. लोकपरंपरा सांगते की नंतर तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखती इंद्रायणीत सोडून दिली. म्हणजे दुष्काळातून बाहेर येताना सरकार जे करत होतं, मागचं येणं सोडायचं, तेच एका माणसाने आपल्यापुरतं केलं. मी त्याला कौलच म्हणतो.

त्याच सुमारास पुणं. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळलं, आणि बखरी सांगतात की गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकून त्यावर फाटकी वहाण टांगली. याचा अर्थ इथे परत कोणी राहायचं नाही. दुष्काळ आणि वर हे. शेतात रान माजलं, लांडगे झाले. १६३६ मधे मुघल आणि आदिलशाही यांनी निजामशाही वाटून घेतली, शहाजीराजांना कर्नाटकात जावं लागलं, पण पुणे सुप्याचा मोकासा, म्हणजे तिथल्या वसुलीचा हक्क, त्यांच्याकडे राहिला, आणि तिथे जिजाऊसाहेब, लहान शिवाजीराजे आणि दादोजी कोंडदेव असा कारभार सुरू झाला. सोन्याचा नांगर धरला ही परंपरा आपण सगळे सांगतो. त्याच गोष्टीत पुढे सांगतात की लांडगा मारून आणेल त्याला बक्षीस दिलं, आणि नव्याने जमीन लावणाऱ्याला पहिल्या सालापासून चढत्या इस्ताव्याचा कौल दिला, काही वर्षांनी मलिकंबरी धाऱ्यावर यायचं. सोन्याचा नांगर एक दिवसाचा होता, खूण म्हणून. लांडगे आणि इस्तावा हे वर्षानुवर्षांचं काम होतं. पुणं त्याने वसलं.

बरं, ही गोष्ट फक्त मराठ्यांनी केली असं पण नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, १६५३ ते ५७, तेव्हा त्याचा दिवाण होता मुर्शिद कुलीखान. बंगालचा मुर्शिद कुलीखान वेगळा, तो नंतरचा. हा खुरासानचा इराणी माणूस. याने उजाड झालेल्या मुघल दख्खनमधे जमिनी मोजल्या, गावोगावी मुकादम म्हणजे गावप्रमुख नेमले, बैल बियाणाला तगाई दिली, म्हणजे सरकारी कर्ज, सुगीला फेडायचं. तगाई हा शब्द आपल्या आजोबांपर्यंत चालत होता. १६५८ मधे वारसायुद्धात धर्मतच्या लढाईत तो पडला. कल्पना करा, एकीकडे मावळात शिवाजीराजे कौल देतायत आणि शे-दीडशे मैलांवर मुघल दिवाण तगाई देतोय. दोघेही एकाच माणसाला बोलावत होते. आणि तो माणूस, कुणबी, दोन्हीकडचे दर ऐकून होता बरं का. इकडे जाच झाला तर रात्रीत बैल सोडून तो शिव ओलांडायचा.

(इथे एका ताईंनी विचारलं की पण गाव सोडणं इतकं सोपं होतं का, वतन, जमीन, देव टाकून माणूस जाईल कसा?)

फार बरं विचारलंत. सोपं नव्हतंच. गावात दोन प्रकारचे शेतकरी असायचे, मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वडिलोपार्जित, आणि उपरी म्हणजे जो बाहेरून येऊन कराराने करतो. उपरी लवकर हलायचा. मिरासदार शेवटपर्यंत चिकटून राहायचा, आणि तो उठला म्हणजे खरंच घरात काही उरलेलं नसायचं. पण त्याचा हक्क मरत नसे. पिढी दोन पिढ्यांनी तो किंवा त्याचा नातू परत आला आणि गोतसभेत म्हातारी माणसं म्हणाली की हो, हा अमक्याचा, तर जमीन परत मिळायची. आणि जो आलाच नाही, ज्याचं कुळच बुडालं किंवा हरवलं, त्याच्या जमिनीला गतकुळ म्हणायचे. गतकुळ. शब्द बघा कसा आहे. मोडी वाचायला शिकलो त्या दिवसात मला एका जुन्या वाड्यातलं बाड बघायला मिळालं होतं, कागद खाल्लेला, कडा हातात तुटत होत्या, आणि एका गावच्या थळांच्या म्हणजे शेतांच्या यादीत एकामागून एक नावं, आणि मधेमधे तोच शब्द. माणसाचं नाव गेलेलं, शेताला मात्र त्याचंच नाव चिकटलेलं. मी बोट ठेवून मोजत गेलो आणि मग मोजायचं सोडून दिलं.

आणि अजून एक, ताई. कुणबी गेला की एकटा जात नाही. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार, मांग, सगळ्यांचं बलुतं त्याच्या खळ्यावर. खळं नाही तर बलुतं नाही. मिरासदाराला निदान परत येण्याचा हक्क तरी होता आणि त्याचा कागद होता. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं जाणं कागदात उमटत नाही. दुष्काळात सगळ्यात आधी तोच मेला असणार, आणि तो आपल्याला यादीत सापडत नाही. हे मला टोचतं, आणि सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता महाराजांची दोन पत्रं. राज्याभिषेकावर, आग्र्यावर मी काही बोलणार नाही, पण ही दोन पत्रं वाचल्याशिवाय कोणी महाराजांबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला लिहिलेलं. वैशाखाचे दिवस, पावसाळा तोंडावर, घोड्यांसाठी साठवलेला दाणा बराच संपलेला. महाराज लिहितात की आत्ता मनाला येईल तसं दाणा गवत घोड्यांना चारून टाकाल तर पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल, कोणी कुणब्याकडचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि मग ते वाक्य, 'जे कुणबी घर धरून जीव मात्र घेऊन राहिले आहेत तेही जाऊ लागतील'. जीव मात्र घेऊन. महाराजांना माहीत होतं की त्या कुणब्याकडे जीवाशिवाय काही उरलेलं नाही. आणि पुढे सैन्याला सांगतात की त्यांना असं होईल की मोगल मुलखात आले त्याहूनही अधिक तुम्ही. आपल्याच सैन्याला हे लिहायचं, विजयाच्या काळात, याला केवढी नजर लागते! त्याच पत्रात उंदीर दिव्याची वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, म्हणून रात्री दिवे विझवा, इतकं बारीक सांगितलंय. राजा उंदराचा विचार करतोय, कारण गवत जळालं की घोडी उपाशी, घोडी उपाशी की लष्कर गावात, लष्कर गावात की कुणबी गेला. ती साखळी त्यांच्या डोक्यात पक्की होती.

दुसरं पत्र ५ सप्टेंबर १६७६ चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. भाजीच्या देठाला हात लावू नका हे सगळ्यांना माहीत असतं, ते या पत्राशी जोडलं जातं, पण ते पत्र खरं म्हणजे शेतीचं वर्किंग मॅन्युअल आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कोणाकडे माणसं आहेत पण बैल नाही त्याला बैल दे, पोटाला दाणा दे, आणि दिलेलं मुद्दल तेवढंच हळूहळू ऐपतीप्रमाणे परत घे, वाढीदिढी म्हणजे व्याज नको. खर्च किती झाला तरी चालेल, दोन लाख लारीपर्यंत मान्य करू, पण पडीक जमीन लागली पाहिजे. लारी म्हणजे तेव्हाचं कोकण किनाऱ्यावर चालणारं चांदीचं नाणं. आणि सारा ऐनजिनसी म्हणजे धान्यात घे, ते साठवून भाव आल्यावर वीक. आज कर्जमाफी, हमीभाव यावर आपण जे बोलतो ते सगळं या एका पत्रात बीजरूपाने आहे असं म्हटलं तर लोक म्हणतील ओढूनताणून बोलतोय, पण तुम्ही पत्र काढून वाचा. अण्णाजी दत्तोंची मोजणी, पाच हात पाच मुठीची काठी, वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि सभासद हा बखरकार सांगतो ते पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला दोन सरकारला, हे सगळं याच्याच पोटातलं. दर बघितलात? दोन पंचमांश. मलिक अंबर आठवला का? एक हबशी गुलाम आणि एक छत्रपती, दोघांचा हिशोब जवळपास एकाच जागी येऊन थांबतो.

थोडं मुंबईबद्दल, पटकन. १६६१ मधे पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८ मधे त्याने ती कंपनीला देऊन टाकली. बंदर उत्तम, माणसं नाहीत. गव्हर्नर आंजिए याने काय केलं, व्यापारी, विणकर यांना बोलावलं, तुमचा धर्म तुमच्या पद्धतीने पाळा, कोणी हात लावणार नाही असं वचन दिलं. पोर्तुगीज मुलखात धर्माचा जाच होता, त्यामुळे त्या वचनाला वजन आलं. फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७३ मधे आला, तो ६० हजार वस्ती सांगतो, पोर्तुगीजांच्या वेळेपेक्षा ५० हजारांनी जास्त. आकडा कमीजास्त धरा. पण मुंबई पण कौलावरच वसली, भाषा फक्त इंग्रजी होती.

आता शतकाचा शेवट, आणि तो सांगायला जड जातो. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. औरंगजेब दख्खनमधे उतरला, १६८६ मधे विजापूर, १६८७ मधे गोवळकोंडा, १६८९ मधे संभाजीराजांना हाल करून मारलं. नकाशा बघितला तर सगळं संपलं होतं, काबूलपासून जिंजीच्या आसपासपर्यंत एकच रंग. आणि तरी तो माणूस १७०७ पर्यंत इथेच अडकून पडला. का? राजाराम महाराज, संताजी धनाजी, रामचंद्रपंत, ताराबाई, ही उत्तरं बरोबरच आहेत. पण मुघलांचाच एक माणूस, भीमसेन सक्सेना, बुऱ्हाणपुरात जन्मलेला, आयुष्य मुघल फौजेत गेलेलं, तो आपल्या आठवणीत वेगळं कारण सांगतो. जहागीरदारांच्या बदल्या सारख्या व्हायच्या, त्यामुळे वसुलीला आलेला माणूस विचार करायचा की उद्या मी इथे असेन का, आणि आजच ओरबाडून घ्यायचा. रयतेने शेती सोडली, आणि शेती सोडलेली रयत हत्यारं आणि घोडी घेऊन मराठ्यांना मिळाली. म्हणजे अंबरने जी मक्तेदारी बंद केली होती ती बादशाही शिक्क्यानिशी परत आली होती. मुर्शिद कुलीखानाने ज्या दख्खनला तगाई दिली, त्याच्याच मालकाने पन्नास वर्षांनी तो मुलूख खाऊन टाकला. ती छावणी म्हणजे चालतं शहर होतं, जिथे पडेल तिथलं गवत, दाणा, झाड, पाणी संपवून पुढे जायची.

पण मला प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की या वीस पंचवीस वर्षांत गावाला फक्त मुघलांनीच लुटलं असं नाही. मराठी फौजांना पण खायला लागत होतं, खजिना नव्हता, वतनं देऊन देऊन माणसं धरून ठेवावी लागत होती. एका गावाकडे दोन दोन तीन तीन धनी सारा मागायला यायचे. चिपळूणच्या पत्रात जी भीती होती, की तुम्हीही मोगलांसारखे वाटाल, ती काही गावांनी खरी झालेली बघितली असणार. स्वराज्य वाचलं याचा मला अभिमान आहे, पण ते कोणाच्या खळ्यावर वाचलं हे विसरून तो अभिमान बाळगणं मला जमत नाही. आणि १७०२ ते १७०४ परत दुष्काळ आणि साथ, मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस वीस लाख माणसं मेली म्हणतो, पोटची पोरं पाव अर्ध्या रुपयाला विकायला काढली म्हणतो. मनुची आकडे फुगवतो हे खरं. निम्मे धरा, पाव धरा.

म्हणजे १६३० ला पाऊस गेला तेव्हा बादशहाची छावणी बुऱ्हाणपूरला होती, आणि १७०२ ला गेला तेव्हा त्याच्या मुलाची छावणी सह्याद्रीत किल्ले घेत फिरत होती. पाऊस याआधीही गेला होता. पाऊस आणि छावणी एकदम आले की गाव उठतं.

वेळ होत आलाय. शेवटी एकच, तुमच्या तालुक्याच्या गावांची महसुली यादी कधी हातात आली तर नीट बघा. काही गावांपुढे शिवार आहे, क्षेत्र आहे आणि लोकसंख्या शून्य. विदर्भात त्याला रिठी म्हणतात, मराठवाड्यात अजूनही तलाठ्याच्या तोंडी बेचिराग गाव असा शब्द येतो. सगळी काही सतराव्या शतकात उठलेली नसणार, काही पटकीने उठली, काही प्लेगने. मी अशा एका गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, गेलो होतो. बाभळी, खापरांचे तुकडे, बुजलेली बारव, आणि एका चौथऱ्यावर शेंदूर लावलेला मारुती. शेंदूर ताजा होता. शेजारच्या गावचे एक बाबा गुरं घेऊन आले होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही दर शनिवारी येतो की, आमच्या आज्यापासून चालू आहे. इथलं कोणी तुमचं नात्यातलं होतं का, विचारलं. म्हणाले, नाही हो, कोण होते कुणाला माहीत, पण दिवा नको का लावायला.

नमस्कार.